आग्वादच्या तटावरून जहाजं बघायची तर आधी पायलटची होडी शोधा

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावर येणारे बहुतेक लोक तटाशी उभे राहतात, "केवढी जहाजं उभी आहेत!" म्हणतात, एक फोटो काढतात आणि दीपगृहाकडे वळतात. पाच मिनिटांत सगळं आटोपतं. जहाज जागचं हलत नाही, मग त्यात बघायचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच पाण्यावर दिवसातून काही वेळा एक छोटी होडी बंदरातून बाहेर पडते, एखाद्या अवाढव्य जहाजाला जाऊन चिकटते आणि दोन मिनिटांत सुटून परत निघते. त्या होडीवर नजर ठेवायची सवय लागली की समोरचं चित्र बोलायला लागतं. कोणतं जहाज आत निघालंय, कोणतं अजून ताटकळणार, कोणाच्या पोटात माल आहे आणि कोण रिकामं आलंय, हे तटावर बसूनच सांगता येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. गोव्यात पायलट म्हटलं की पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला डोळ्यांसमोर येतो. बंदरातल्या पायलटचं कामही तसंच आहे: गाव त्याचं, वाटा त्याच्या तोंडपाठ. जहाजाच्या कप्तानाने सगळं जग पालथं घातलेलं असलं तरी मुरगाव बंदराच्या पाण्यात उपसलेला मार्ग नेमका कुठून जातो, कुठे गाळ साठलाय, ओहोटीला पाणी कसं ओढतं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून बंदराचा माहितगार जहाजावर चढतो आणि वाट सांगत जहाज धक्क्यापर्यंत नेतो. जहाजाची जबाबदारी तेव्हाही कप्तानाचीच असते. या किनाऱ्यावर जहाजाचा ताबा सुटला तर काय होतं, हे कांदोळी-सिकेरीच्या लोकांना विचारा. जून 2000 मध्ये रिव्हर प्रिन्सेस तिथे वाळूत रुतली आणि पुढची दहाहून जास्त वर्षं तिथेच गंजत पडली. आमच्याकडे एक पिढी त्या सांगाड्याकडे बघत मोठी झाली.

जागा आणि दिशा

पणजीहून बेती-कांदोळीमार्गे किंवा म्हापशाहून कळंगुटमार्गे सिकेरीला या. वरच्या किल्ल्यापर्यंत गाडीरस्ता आहे. सिकेरीच्या पुळणीला लागून असलेला खालचा बुरूज फोटोला सुंदर आहे, पण आपल्याला उंची हवी. पुळणीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर दिसतं. पन्नास मीटर उंचीवर डोळे असले तर तेच क्षितिज पंचवीस किलोमीटरपर्यंत मागे सरतं. शिवाय जहाज स्वतः उंच असतं, त्यामुळे क्षितिजापलीकडच्या जहाजाचाही वरचा भाग दिसतो. आधी पांढरी इमारत, मग क्रेन, मग हळूहळू काळं-लाल अंग वर येतं. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा पृथ्वी गोल असल्याचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी मिळाल्यासारखं वाटेल.

हा किल्ला मुळात याच कामासाठी बांधला. डचांची जहाजं मांडवीचं तोंड अडवू लागली तेव्हा पोर्तुगीजांनी इथे तट उभारला, 1612 मध्ये काम पुरं झालं. दूरवरून आलेली गलबतं इथलं गोडं पाणी भरून घेत. आग्वाद हे नाव त्या पाण्यावरूनच पडलं, आणि पाण्याचं ते भलंमोठं टाकं किल्ल्याच्या पटांगणाखाली आजही आहे. जुनं दीपगृह 1864 चं. 1976 मध्ये शेजारी नवं उभं राहिलं आणि जुन्याचं काम थांबलं.

आता तटावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला कांदोळी-कळंगुटची किनारपट्टी, समोर मोकळा अरबी समुद्र, डावीकडे मांडवीचं मुख. त्या मुखापलीकडे मिरामार, मग राज्यपालांचं निवासस्थान असलेलं काबचं टोक, त्याच्यामागे जुवारीचं मुख आणि सगळ्यांत पलीकडे मुरगावचा डोंगर. आग्वाद ते मुरगाव अंतर सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर. नांगरून पडलेली जहाजं तुम्हाला डावीकडे, नैर्ऋत्येला, मुरगावच्या डोंगराच्या बाहेरच्या अंगाला दिसतील. सगळं लक्ष तिकडे ठेवा.

तिकडे बघताना मला दर वेळी दोन तारखा आठवतात. 9 मार्च 1943 च्या रात्री याच मुरगाव बंदरात आश्रय घेतलेलं जर्मन एहरेनफेल्स बुडालं. कलकत्त्याहून आलेल्या मध्यमवयीन मंडळींनी ब्रिटिशांसाठी छापा घातला होता, कारण त्या जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात असल्याचा संशय होता. आणि 18 डिसेंबर 1961 ला याच पाण्यात आयएनएस बेतवा आणि आयएनएस बियास यांनी पोर्तुगीजांच्या अफोन्सो द आल्बुकेर्कवर मारा केला. ते जहाज शेवटी बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याशी जाऊन टेकलं. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना जवळ बसवून विचारा.

केव्हा यायचं

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळायला लागतो, पण हवा स्वच्छ होते ती ऑक्टोबर संपता संपता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत उत्तम. मार्चनंतर क्षितिजावर धुरकट पडदा येतो. पावसाळ्यात जहाजं येतात, पण सरींमध्ये दिसत नाहीत, आणि ओला जांभा साबणासारखा निसरडा होतो.

दिवसातली वेळ मात्र नीट समजून घ्या. आपण पश्चिमेला बघतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, जहाजांवर समोरून उजेड पडतो, रंग आणि निशाणं ओळखू येतात. दुपारी दोननंतर सगळं पाणी चांदीसारखं तळपतं आणि जहाजांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. म्हणून किल्ल्याचं दार उघडताच आत या. सूर्यास्ताचा देखावा गर्दीसाठी राहू द्या, त्या वेळी निशाणं वाचता येत नाहीत.

बरोबर दुर्बीण हवीच. सात बाय पन्नास किंवा आठ बाय बेचाळीस पुरते. बारा-पंधरा पटींची घेतली तर हात थरथरतो आणि समुद्र नुसता नाचताना दिसतो. कोपर तटाला टेकवून बघा. जांभा उन्हाने तापतो, म्हणून घडी घातलेला पंचा खाली घ्यायचा. टोपी, पाणी, वही, पेन्सिल. वर सावली फारशी नाही. कांदोळीला थांबून भाजी-पाव खाऊन मगच चढा, म्हणजे अकराच्या आत भुकेने उठावं लागणार नाही.

उभं जहाज वाचणं

होडी दिसायच्या आधी उभ्या जहाजांशी ओळख करून घ्यावी लागते, नाहीतर होडी कोणाकडे चालली आहे हे कळत नाही.

पहिली गोष्ट, सगळ्या जहाजांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे ते बघा. नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून राहतं. सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहत असतात, तेव्हा बरीचशी जहाजं किनाऱ्याकडे तोंड करून असतात. दुपारी खारे वारे सुटले की तीच जहाजं सावकाश फिरून समुद्राकडे बघू लागतात. गोठ्यातली गुरं एकाच बाजूला मान वळवतात तसं ते दिसतं. भरती-ओहोटीचा ओढा जोरात असेल तर हिशेब थोडा बदलतो. एखादंच जहाज बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेला दिसलं, तर ते नांगरावर नाही, चालू आहे.

दुसरी गोष्ट, जहाजाच्या पुढच्या भागात उंचावर टांगलेला काळा गोळा. नांगर टाकलेला असल्याची ती दिवसाची खूण. हा गोळा खाली उतरला की सावध व्हा.

तिसरी, पाण्यातली बुडी. अंग पाण्यात खोल गेलेलं असेल आणि तळाचा लाल रंग जवळजवळ झाकलेला असेल तर पोट भरलेलं. लाल पट्टा उघडा पडलाय, नाळेखालचा फुगीर गोळा पाण्याबाहेर आलाय, जहाज उंच आणि डुगडुगणारं दिसतंय, तर ते रिकामं आलंय आणि इथून माल नेणार.

प्रकार ओळखणं सोपं आहे. डेकवर ओळीने मोठमोठी झाकणं, कधी मधे चार क्रेन, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज: खनिज किंवा कोळसा. मुरगावला हीच जास्त. डेकभर नळांचं जाळं आणि मधोमध एकच लहानशी क्रेन असली तर टँकर. बंदरात धोक्याचा माल चढवता-उतरवताना जहाज लाल निशाण लावतं. राखाडी म्हणजे नौदल. पांढऱ्या अंगावर तिरका केशरी-निळा पट्टा म्हणजे तटरक्षक दल. एखादं कोरं करकरीत जहाज विनाकारण चकरा मारताना दिसलं तर ते वास्कोच्या गोवा शिपयार्डातून चाचणीसाठी बाहेर पडलेलं असू शकतं.

जहाजाच्या मागच्या बाजूला नाव, खाली नोंदणीचं बंदर आणि सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो. मोनरोव्हिया, पनामा, माजुरो ही नावं वारंवार दिसतील. त्यावरून मालक किंवा खलाशी तिथले आहेत असं समजू नका, ती फक्त नोंदणी आहे. त्या जहाजावर कदाचित आपल्याच सालसेतचा एखादा तारवटी, म्हणजे दर्यावर्दी, असेल. आग्वादवरून ही अक्षरं वाचता येत नाहीत, त्यासाठी मोबाइल. मरीन ट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर उघडा. मोठ्या जहाजांना आपली जागा, वेग आणि नाव सतत प्रसारित करावं लागतं, तेच या नकाशावर उमटतं. मरीन ट्रॅफिकवर मालवाहू हिरवी, टँकर लाल, प्रवासी निळी. टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या दणकट होड्या) आणि पायलटच्या होड्या फिक्या निळसर दिसतात. मात्र नकाशा थोडा मागे असतो, आणि नौदलाची जहाजं बहुधा दिसतच नाहीत. आधी डोळ्यांनी ओळखा, मग मोबाइलवर ताडून पाहा. उलट केलंत तर डोळा तयार होत नाही.

होडी निघते

आता ज्यासाठी आलात ते. पायलट यायचा आहे हे जहाज स्वतःच सांगतं. पिवळ्या आणि निळ्या उभ्या पट्ट्यांचं निशाण चढतं, ते "जी" अक्षराचं, अर्थ: मला पायलट हवा. धुराड्यातून धूर दाटतो. नांगराच्या साखळीवर जोराने पाणी सोडलं जातं, चिखल धुऊन साखळी वर येत असते. दुर्बिणीतून नाळेच्या बाजूला पांढरी धार दिसली तर तीच.

मग मुरगावच्या लाटरोधक बांधाच्या टोकाकडे बघा. तिथून एक होडी बाहेर पडेल. मासेमारीचा ट्रॉलर आणि तिच्यात फरक ओळखायचा तो चालीवरून. ट्रॉलर रेंगाळतो, वळतो, मागे जाळं ओढतो, वर पक्ष्यांचा थवा असतो. ही होडी एक रेघ धरून जाते, मागे सरळ पांढरा फेस सोडत. अंगावर मोठ्या अक्षरांत पायलट असं लिहिलेलं असतं.

आग्वादवरून ती ठिपक्याएवढीच दिसते, म्हणून दोन-तीन सकाळी इथे घालवल्यावर एकदा वास्कोला जाऊन सड्यावर चढा. तिथली जपानी बाग समुद्राच्या अगदी माथ्यावर आहे. मुरगावचा जुना किल्लाही त्याच डोंगरावर, सतराव्या शतकातला, आता बराचसा पडझडीत. मी तिथूनच पहिल्यांदा पायलट चढताना नीट पाहिला.

कोळशासाठीचं एक मोठं जहाज होतं, भरलेलं, मार्चमधली सकाळ. जहाज थांबलं नाही. थांबलेलं जहाज लाटेवर हवं तसं डोलतं, म्हणून ते सावकाश पुढे जात राहतं. त्याने थोडं वळून आपली एक कूस वाऱ्याआड केली आणि त्या बाजूचं पाणी एकदम गुळगुळीत झालं, जणू कोणी हात फिरवला. शिडी आधीच सोडलेली होती: दोराची, लाकडी पायऱ्यांची, मधे मधे एक लांब फळी, शिडीने पीळ खाऊ नये म्हणून. वर कठड्याशी दोन खलाशी आणि एक अधिकारी, शेजारी लाल-पांढरं जीवरक्षक कडं. होडी मागून आली, वेग जुळवला आणि जहाजाच्या काळ्या भिंतीला टेकली. पुढच्या डेकवर केशरी जाकिटातला एक माणूस कठडा धरून उभा. होडी वर जाते, खाली येते, वर जाते. तो हलत नाही. दोन लाटा जाऊ दिल्या, तिसऱ्या लाटेने होडी पुरती वर नेली आणि त्या क्षणी दोन्ही हातांनी शिडीचे दोर धरून तो चढला, न थांबता चार-पाच पायऱ्या, कारण पुढची लाट होडीला पुन्हा वर आणते आणि पाय मधे सापडू शकतो. होडीने लगेच अंग चोरून बाजू सोडली. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. तोपर्यंत मी श्वास रोखून धरला होता हे नंतर कळलं.

पाण्यापासून चढण नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या दोरशिडीवर चढवत नाहीत. तिरका जिना सोडतात, खालचा भाग दोरशिडीचा आणि वरचा जिन्याचा. रिकाम्या जहाजांवर हे हमखास दिसेल. जगभर या शिडीवरून पडून पायलट दगावले आहेत, म्हणून तिचे नियम इतके काटेकोर आहेत.

पायलट चढल्यावर

थोड्या वेळात डोलकाठीवर दुसरं निशाण दिसेल, अर्धं पांढरं, अर्धं लाल. ते "एच": पायलट जहाजावर आहे. आता जहाज वेग धरतं, बांधाच्या आत वळतं, टग येऊन चिकटतात. पुढचा भाग डोंगराआड जातो. बाहेर पडणाऱ्या जहाजाचा क्रम उलटा: टग सुटतात, जहाज मोकळ्या पाण्यात येतं, होडी पाठोपाठ येते, पायलट उतरतो आणि पांढरं-लाल निशाण खाली येतं. उतरताना पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला उतरणंच जास्त अवघड वाटतं.

काळोख पडल्यावर किल्ला बंद असतो, पण मिरामार किंवा दोनापावलाहून बघता येतं. पायलटची होडी वर पांढरा आणि त्याखाली लाल दिवा लावते. उभी मोठी जहाजं डेकवरचे सगळे दिवे लावून दिवाळीसारखी उजळलेली असतात. त्यातलं एखादं एकदम काळोखं झालं आणि लाल किंवा हिरवा दिवा दिसू लागला, म्हणजे ते निघालं. लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे, हिरवा दिसला तर उजवी.

मांडवीकडेही एक नजर

आग्वादच्या पायथ्याशी मांडवीच्या मुखात वाळूचा उंचवटा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात आणि ती वाट बंद होते. तेव्हा मांडवीतल्या बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या होड्या, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात आणि मुरगाव गाठतात. 2012 आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा या बार्जची रांगच नाहीशी झाली. कोरड्या दिवसांत खनिजाने काठोकाठ भरलेली बार्ज मुखातून बाहेर पडताना दिसली तर तिच्यावर पाच मिनिटं द्या. डेक जवळजवळ पाण्याला टेकलेला असतो आणि मागच्या केबिनमधला तांडेल लाटा मोजत वाळूवरची वाट काढत असतो. त्याला वाट दाखवायला कोणी पायलट येत नाही.

हे मात्र पाळा

तटाबाहेरच्या कड्यावर उतरू नका, जांभ्याच्या कडा खालून पोखरलेल्या असतात. ड्रोन आणू नका, दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे आणि परिसर संवेदनशील आहे. राखाडी जहाजांचे आणि बंदराच्या आतल्या भागाचे फोटो टाळा. सुरक्षारक्षकाने विचारलं तर वही उघडून दाखवा, तेवढ्याने बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. वायरलेस सेट घेऊन जहाजांचं बोलणं ऐकायचा मोह होतो, पण परवान्याशिवाय तो जवळ बाळगू नका.

वहीत एका जहाजाला एक ओळ पुरते: तारीख, वेळ, वारा कुठून, नाळ कुठे, भरलेलं की रिकामं, कोणतं निशाण, होडी केव्हा आली, केव्हा सुटली. नाव शेवटी. महिनाभराने मागे चाळून बघा. एकच जहाज चार दिवस रिकामं उभं, पाचव्या दिवशी गायब, आठव्या दिवशी खोल बसलेलं बाहेर पडताना, असं तुमच्याच अक्षरात लिहिलेलं सापडेल. मग नवव्या दिवशी सकाळी ते क्षितिजावर शोधायला तुम्ही आपोआप तटाच्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसाल. पंचा विसरू नका.